केदारनाथाची पायवाट आधी नीट करा

केदारनाथच्या वाटेवर, लिंचोलीच्या टपरीसमोर आत्या बाकावर टेकली ती उठेचना. वय एकाहत्तर, आळंदी ते पंढरपूर पंधरा वाऱ्या पायी झालेल्या, दिवे घाटात आम्हा तरण्याताठ्यांना मागे टाकणारी बाई. म्हणाली, "पाय दुखत नाहीत गं, श्वासच पुरत नाहीये." शेजारच्या वैद्यकीय चौकीतल्या मुलाने तिच्या बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला, पुन्हा लावला, पुन्हा बघितला आणि शांतपणे म्हणाला, "माताजी, आज यहीं रुकिए." वरच्या मुक्कामाचे पैसे भरून झालेले होते. सगळ्यांचीच थोडी चिडचिड झाली. पण राहिलो. तंबूत तीन-तीन रजया अंगावर, बाहेर मंदाकिनीचा न थांबणारा आवाज, आणि दर तासाला मी आत्याच्या नाकाशी हात नेऊन श्वास बघत होते. सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठली, चहा प्यायली, काठी घेतली आणि उरलेली वाट स्वतःच्या पायांनी चढून गेली.

त्या एका रात्रीने काय केलं, हे मला परतल्यावर एका डॉक्टर मैत्रिणीने समजावलं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, असा गिर्यारोहण वैद्यकाचा साधा नियम आहे. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो, आणि त्या वेळेला दुसरा पर्याय नाही. पायवाट सुरू होते ते गौरीकुंड दोन हजार मीटरच्या जरासं खाली, केदारनाथ 3,583 मीटरवर. म्हणजे एका दिवसात सोळाशे मीटर. चालत गेलं तरी हे जास्तच आहे. आणि आता हीच चढाई छत्तीस मिनिटांत करायची तयारी चालू आहे.

5 मार्च 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने गौरीकुंडच्या जरा खालच्या सोनप्रयागपासून केदारनाथपर्यंतच्या रोप-वेला मंजुरी दिली. लांबी 12.9 किलोमीटर, खर्च 4,081 कोटी रुपये, तासाला एका दिशेने 1,800 प्रवासी, दिवसाला 18,000. आठ-नऊ तासांचा प्रवास छत्तीस मिनिटांवर येणार, हे त्या घोषणेतलं सगळ्यांत मोठं वाक्य होतं. टीव्हीवर ते ऐकून घरातले टाळ्या वाजवत होते. आत्या गप्प होती.

मी रोप-वेच्या नावाने बोटं मोडायला बसलेले नाही. माझा आक्षेप त्या मोजमापाला आहे. आठ तासांचे छत्तीस मिनिटं झाले की सात तास चोवीस मिनिटं वाचली, असं आपण धरून चालतो. जणू ती वाट म्हणजे मंदिर आणि माणूस यांच्यामध्ये आलेली अडचण, आणि जितकी लवकर दूर होईल तितकं बरं. माझं म्हणणं उलट आहे. त्या वाटेने हिमालयात दोन कामं पिढ्यानपिढ्या केली. चढणाऱ्याचं शरीर वरच्या हवेसाठी तयार केलं, आणि वरच्या खोऱ्यात एका वेळी किती माणसं पोहोचतील यावर आपोआप लगाम ठेवला. वाट काढून घेतली तर ही दोन्ही कामं दुसऱ्या कुणाला तरी करावी लागतील. ती कोण करणार, याचं उत्तर 4,081 कोटींच्या हिशेबात मला दिसत नाही.

जुनी यात्रा कशी व्हायची ते आठवून बघण्यासारखं आहे. मोटारी येण्याआधी माणसं हरिद्वार-ऋषिकेशहून चालू लागायची. लक्ष्मणझुला, देवप्रयाग, गढवालचं श्रीनगर, रुद्रप्रयाग, गुप्तकाशी, गौरीकुंड. अलकनंदा आणि मंदाकिनीच्या काठाकाठाने, आठवडेच्या आठवडे. दर काही मैलांवर चट्टी. चट्टी म्हणजे यात्रेकरूंचा पडाव: गवताने शाकारलेली लांबलचक पडवी, मातीच्या चुली, जवळ पाण्याचा झरा आणि एक दुकान. दुकानदार राहण्याचं भाडं घेत नसे. पीठ, डाळ, तांदूळ, तूप त्याच्याकडून घ्यायचं, भांडी तो वापरायला द्यायचा, स्वयंपाक आपला आपण करायचा. बाबा काली कमलीवाले म्हणून ओळखल्या गेलेल्या स्वामी विशुद्धानंदांनी याच वाटांवर धर्मशाळा आणि सदावर्तं उभी केली, म्हणजे ज्याच्या गाठीला पैसा नाही त्यालाही शिधा मिळे.

या व्यवस्थेचा हिशेब मला फार आवडतो. यात्रेकरूचा पैसा वाटेवरच्या प्रत्येक गावात थोडा थोडा पडत जायचा. पीठ त्या गावच्या चक्कीचं, तूप त्या गावच्या म्हशीचं. दूध विकणारी बाई, लाकडं आणून देणारा पोर, सगळ्यांच्या हाताला सहा महिने काम. आणि यात्रेकरूचं शरीर? तो खालून वर येता येता आठवड्यांत येई, दर मुक्कामाला थोडं उंच. सवय कशी करायची याची पुस्तकं त्याला लागत नव्हती.

ते दिवस सोन्याचे होते असं मात्र कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. याच वाटेवर कॉलऱ्याने माणसं रांगेने मेली. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याने 1918 ते 1926 या काळात सरकारी नोंदीप्रमाणे 125 बळी घेतले, आणि दार नसलेल्या चट्ट्यांमध्ये रात्र काढणारी माणसं त्याच्या भीतीने गोठून जायची. अखेर शिकारी जिम कॉर्बेटने त्याला मारलं तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. हे सगळं परत आणा असं कोण म्हणेल? मला हवा आहे तो त्यामागचा टप्प्याटप्प्याने चढायचा विचार. दार, संडास, दवाखाना यांच्यासह.

1962 च्या चीन युद्धानंतर सीमेकडे मोटार रस्ते झपाट्याने सरकत गेले आणि चट्ट्या ओस पडल्या. वाटेवरचं गाव हे रस्त्यावरून दिसणारं गाव झालं, मग तेही राहिलं नाही. 2011 च्या जनगणनेत उत्तराखंडात हजाराहून जास्त गावं निर्मनुष्य निघाली. या सगळ्याला यात्रेची वाट बदलणं एवढंच कारण नाही. शेती, शाळा, नोकऱ्या अशी मोठी कारणं आहेत. पण पलायनावर सरकारने आयोग नेमायचा आणि त्याच वेळी यात्रेकरूंना गावांवरून तारेने लटकवत पुढे न्यायचं, या दोन गोष्टी एकाच राज्यात कशा बसतात?

आता वरच्या खोऱ्याबद्दल. केदारनाथचं मंदिर चोराबारी हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या पसाऱ्यावर उभं आहे. 16 आणि 17 जून 2013 ला ढग कोसळले, चोराबारी तलाव फुटला आणि पाणी-दगड-चिखलाची भिंत खाली आली. मंदिर मागे अडकलेल्या एका प्रचंड शिळेमुळे वाचलं, लोक आता तिला भीमशिला म्हणून हात जोडतात. खालचं रामबाडा, वाटेवरचा मोठा पडाव, मात्र पूर्ण वाहून गेलं. संपूर्ण उत्तराखंडात पाच हजारांहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. 2012 साली केदारनाथला सहा लाखांच्या आत माणसं आली होती. 2023 मध्ये साडेएकोणीस लाखांच्या वर गेली. 2025 मध्ये 2 मे रोजी मंदिराची दारं उघडली त्या एका दिवशीच तीस हजारांच्या आसपास दर्शनं झाली. खोरं तेवढंच आहे. हिमनदी तेवढीच जवळ आहे.

1894 ची एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. आदल्या वर्षी अलकनंदेला मिळणाऱ्या बिरही गंगेत डोंगर कोसळून गोहना इथे मोठा तलाव साचला होता. तो कधीतरी फुटणार हे ओळखून इंग्रज अभियंत्यांनी तिथे माणसं बसवली, खालच्या गावांपर्यंत तारयंत्राची लाइन टाकली, नदीकाठ रिकामा करवला. ऑगस्ट 1894 मध्ये पाणी सुटलं, श्रीनगर शहर धुऊन गेलं, पण मेली फक्त पाच माणसं. तीही हलवल्यानंतर परत फिरलेल्या एका फकिराच्या कुटुंबातली. हातात तारयंत्राशिवाय काही नसताना हे जमलं, कारण वाटेवर आणि काठावर कोण आहे हे माहीत होतं आणि संख्या आवाक्यात होती. आज आपल्याकडे उपग्रह आहेत, नोंदणी सक्तीची आहे, आणि 31 जुलै 2024 च्या रात्री ढगफुटीने केदारची वाट जागोजागी तुटली तेव्हा हजारो माणसांना हेलिकॉप्टरने आणि दोरांवरून काढावं लागलं. रोप-वेचे समर्थक म्हणतील, म्हणूनच तर रोप-वे हवा. मला ते पूर्ण पटत नाही. वादळात, विजेत, तुफान वाऱ्यात केबिन बंद ठेवाव्या लागतात, आणि डोंगरात संकट येतं ते अशाच हवेत. त्या रात्री वर अठरा हजार जास्तीची माणसं असतील तर ती कुठल्या वाटेने उतरणार? ज्या पायवाटेकडे तोवर कुणाचं लक्ष राहिलेलं नसेल, त्याच वाटेने.

पायवाटेची आजची अवस्था मी पाहिली आहे. गौरीकुंड सोडलं की पहिल्या वळणालाच खेचरांचा लोंढा. घंटांचा आवाज मागून येतो, घोडेवाला ओरडतो, "साइड, साइड!" पहिल्या तासाभरात शिकलेला धडा म्हणजे अशा वेळी नेहमी डोंगराच्या अंगाला सरकायचं, दरीच्या अंगाला कधीच नाही. खेचराच्या पाठीवरच्या सामानाचा एक धक्का आणि माणूस खाली. पाऊस पडला की फरसबंदी आणि लीद यांचा एक हिरवट काला होतो, त्यात बूट घोट्यापर्यंत रुततात. तो सगळा धुऊन मंदाकिनीत जातो. भीमबलीजवळ एक खेचर चढावर गुडघे टेकून बसलं होतं. मालक त्याला आधी चुचकारत होता, मग मारत होता, मग पुन्हा त्याच्या मानेवर हात ठेवून नुसता उभा राहिला. ते उठलं आणि चालू लागलं. 2022 च्या हंगामात पहिल्या काही आठवड्यांतच इतकी खेचरं मेली की देशभर ओरड झाली. 2025 मध्ये घोड्यांमध्ये फ्लू पसरला आणि वाहतूकच थांबवावी लागली.

हे पाहिलेला माणूस रोप-वेला विरोध करताना चाचरतो. मीही चाचरते. खेचरांचे हाल थांबावेत असं मलाही वाटतं. हेलिकॉप्टरांपेक्षा तर रोप-वे कितीतरी बरा. 18 ऑक्टोबर 2022 आणि 15 जून 2025, दोन अपघातांत सात-सात माणसं गेली, आणि दिवसभर दरीत घरघरणारी ती यंत्रं अभयारण्यावरून उडतात. पण खेचरांच्या हालांवर उपाय वाटेवरच होऊ शकतो, आणि तो आपल्याच देशात झाला आहे. वैष्णोदेवीला कटरा ते भवन या मार्गावर हीच गर्दी, हीच लीद होती. तिथे 2018 मध्ये ताराकोट मार्ग सुरू झाला: सात किलोमीटरची नवी वाट, फक्त चालणाऱ्यांसाठी, घोडे-खेचरांना बंदी. त्याच्या आदल्या वर्षी हरित लवादाने तिथली रोजची संख्या पन्नास हजारांवर बांधली. म्हणजे वेगळी वाट होऊ शकते, आकड्याला मर्यादा घालता येते, आणि देवी काही कोपत नाही.

त्याच कटऱ्यात डिसेंबर 2024 मध्ये काय झालं तेही बघा. रोप-वे येणार म्हटल्यावर घोडेवाले, पालखीवाले आणि दुकानदार रस्त्यावर उतरले, बाजार बंद राहिले. केदारच्या वाटेवरचा कंडीवाला, म्हणजे पाठीवरच्या टोपलीतून माणसं वाहणारा, तर संघटित होऊन बंद पुकारण्याच्या स्थितीतही नाही. लिंचोलीला आमच्या शेजारच्या तंबूत एक नेपाळी मुलगा होता. विशीतला असेल. दिवसभर पाठीवरच्या टोपलीत माणूस वाहून आणायचा, कपाळावरच्या पट्ट्याने भार पेलत. त्या पट्ट्याचा त्याच्या कपाळावर वळ उमटला होता, केसांच्या जरा खाली, बोटभर रुंद. मी विचारलं, दुसरं काम मिळालं तर करशील? तो म्हणाला, मिळालं तर करीन, पण हे गेलं म्हणून दुसरं मिळत नाही. माणसाने माणसाला वाहून नेणं मला बघवत नाही. पण ते बंद करण्याची पद्धत त्याची रोजी काढून घेण्याची असेल, तर ती दया कुणावर झाली?

सगळ्यांत अवघड प्रश्न म्हाताऱ्यांचा आणि अपंगांचा. ज्यांना चालताच येत नाही त्यांनी केदार बघूच नये का? हा प्रश्न मला आत्यानेच विचारला, लिंचोलीच्या त्या रात्री, रजईतून. बघावा. त्यांच्यासाठी सोय हवी. पण सोय म्हणजे दिवसाला अठरा हजारांची क्षमता नव्हे. ज्याला खरोखर चालता येत नाही त्याच्यासाठी राखून ठेवलेली, डॉक्टरच्या तपासणीनंतरची, मधल्या उंचीवर एक रात्र थांबूनच पुढे नेणारी सोय हवी. 2022 च्या चारधाम हंगामात दोनशेहून जास्त यात्रेकरू दगावले, बहुतेक हृदयविकाराने आणि विरळ हवेच्या त्रासाने. त्यांत वयस्कर आणि आधीच आजारी असलेले खूप होते. अशा माणसाला छत्तीस मिनिटांत साडेतीन हजार मीटरवर सोडणं ही त्याची सेवा कशी होईल?

आपण मराठी माणसांनी तर हे सगळ्यांत आधी ओळखायला हवं. वारीला आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटर. एसटीने एका दिवसात जाऊन येता येतं, आषाढीला लाखो लोक जातातही. तरी वारकरी चालतो, आणि चालणाऱ्याला कुणी "वेळ का घालवतोस" म्हणत नाही. माउलींचा रथ दिवे घाट चढताना जादा बैलजोड्या जुंपतात, घाट माणसांनी पांढराशुभ्र होतो, आणि त्या दिवशी त्या रस्त्यावर पहिला हक्क चालणाऱ्याचा असतो. सरकारनेही पालखी मार्ग चौपदरी करायला घेतला तेव्हा बाजूने वारकऱ्यांसाठी वेगळा पायमार्ग आखला. आत्याला लिंचोलीत जे खुपत होतं ते हेच. म्हणाली, "इथं पायी येणाऱ्याला कुणी वाटच देत नाही गं. आमच्याकडे माउली म्हणून बाजूला होतात."

आणि हा प्रश्न हिमालयातून आपल्या दारात आलाच आहे. त्र्यंबकेश्वरला श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी निघते, रात्रभर पावसात माणसं चालतात. तिथे अंजनेरी ते ब्रह्मगिरी रोप-वेचा प्रस्ताव आला आणि नाशिकच्या निसर्गप्रेमींनी आवाज उठवला, कारण त्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात आणि अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक अशी जात आहे जी तिथेच पहिल्यांदा सापडली आणि जगातून नाहीशी व्हायच्या बेतात आहे. केदारला जे बरोबर म्हणू, ते उद्या ब्रह्मगिरीलाही बरोबर म्हणावं लागेल.

स्पेनच्या वायव्येला सांतियागोची ख्रिस्ती यात्रा आहे. डोंगर ओलांडत जाणारी, हजार वर्षांची वाट. विसाव्या शतकात ती जवळजवळ मोडली होती. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला फार थोडी माणसं पोहोचत. ओ सेब्रेइरो या घाटमाथ्यावरच्या गावचा पाद्री एलियास वालिन्या याने 1984 मध्ये पिवळ्या रंगाचा डबा घेतला आणि वाटेवरच्या झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण काढत सुटला. 1993 मध्ये युनेस्कोने ती वाटच जागतिक वारसा म्हणून नोंदवली. आता वर्षाला पाच लाखांच्या आसपास माणसांना तिथे यात्रेचं प्रमाणपत्र मिळतं, आणि पायी जाणाऱ्यासाठी मुख्य अट अशी: निदान शेवटचे शंभर किलोमीटर चालून आला पाहिजेस. सांतियागोला विमानतळ आहे, रेल्वे आहे. तरी मान चालणाऱ्याला आहे. त्या वाटेवरच्या ओसाड होत चाललेल्या खेड्यांमध्ये पुन्हा धर्मशाळा उघडल्या, खानावळी चालू झाल्या. हे सगळं एका रंगाच्या डब्याने झालं नाही, पण सुरुवात तिथून झाली.

म्हणून माझं मागणं आहे ते असं. रोप-वेचा पहिला खांब उभा राहण्याआधी गौरीकुंड ते केदार चालणाऱ्यांची वाट खेचरांपासून वेगळी करा. दरीच्या अंगाला सलग कठडा, दर किलोमीटरला निवारा, पाणी आणि स्वच्छ संडास, बायकांसाठी वेगळा. मधल्या मुक्कामाची सोय स्वस्त करा आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाला, तो चालत असो की बसून, खाली किंवा मध्ये एक रात्र थांबणं बंधनकारक करा. खोऱ्यात रोज किती माणसं जातील हा आकडा भूगर्भतज्ज्ञांनी ठरवावा, आणि रोप-वे त्या आकड्याच्या आत चालावा, आकडा रोप-वेच्या क्षमतेवरून ठरू नये. गुप्तकाशीपासूनची जुनी वाट जिथे शिल्लक आहे तिथे शोधून, खुणा करून, गावकऱ्यांच्या हाती चट्ट्या द्या. आणि पायी आलेल्याची नोंद खालीच करून त्याची दर्शनाची रांग वेगळी, पहिली ठेवा. या शेवटच्या गोष्टीला फारसा पैसा लागत नाही, म्हणून ती उद्यापासूनही करता येईल.

उतरताना आत्या रामबाड्याच्या पुलाजवळ थांबली. एके काळी इथे दुकानं होती, धर्मशाळा होत्या, वर जाणारे बहुतेक लोक इथे जेवून पुढे निघायचे. आता नदीच्या दोन्ही अंगांना नुसते पांढरे धोंडे. समोरच्या उतारावर जुन्या वाटेची एक रेघ अजून दिसते, मध्येच तुटलेली. आत्याने चपला काढल्या, नदीकडे तोंड करून हात जोडले, पिशवीतून राहिलेला शेंगदाण्याचा लाडू काढला आणि एका धोंड्यावर ठेवला. मागून घंटा वाजल्या. "साइड, साइड!" आम्ही डोंगराच्या अंगाला सरकलो.